तिसऱ्या विमानवाहू नौकेआधी तिच्या धक्क्याचे उत्तर द्या : संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती,
संसद भवन, नवी दिल्ली.

विषय : विमानवाहू नौकांसाठी धक्के, गोद्या आणि किनाऱ्यावरची पुरवठा-व्यवस्था यांबाबत

सन्माननीय महोदय,

मी भारतीय नौदलाच्या सप्लाय शाखेतून, म्हणजे आता जिला लॉजिस्टिक्स म्हणतात त्या शाखेतून, निवृत्त झालेला नाविक आहे. मालवण तालुक्यात राहतो. नव्वदच्या दशकात माझी काही वर्षे ‘विराट’ या विमानवाहू नौकेवर गेली. आईचे माहेर कारवारकडचे, आणि तिथल्या ‘सीबर्ड’ या नौदल तळाच्या प्रकल्पासाठी जी तेरा गावे उठली त्यांत आजोळचे घरही गेले. माझा एक पुतण्या आज नौदलाच्या गणवेशात आहे. त्यामुळे विमानवाहू नौका, तिचे बंदर आणि त्या बंदरासाठी दिलेली जमीन, या तिन्ही गोष्टी माझ्या घरातल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो.

गेली काही वर्षे तिसऱ्या विमानवाहू नौकेची चर्चा पुन्हा पुन्हा होते. आपल्या समितीनेही आपल्या अहवालांतून तीन नौकांची गरज मांडली आहे. त्या मताला माझा विरोध नाही. दोन नौका असल्या की एक दुरुस्तीत असते आणि समुद्रावर एकच उरते, हे गणित मी नोकरीभर पाहिले आहे. मात्र या सगळ्या चर्चेत नौकेचे वजन, विमानांची संख्या, विमान डेकवरून झेपावून देणारे कॅटापल्ट यंत्र आणि हजारो कोटींचे आकडे यांवर जेवढे बोलले जाते, त्याच्या शतांशानेही ‘ती लावायची कुठे, तिला दुरुस्तीला कुठे चढवायची, आणि तिला तेल-पाणी-धान्य कोणत्या रस्त्याने पोहोचवायचे’ यावर बोलले जात नाही. हे मौन मला मान्य नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे, आणि ते सर्वांसमोर लिहीत आहे.

विमानवाहू नौका धक्क्याला लागते तेव्हा काय होते, ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. किनाऱ्यावरून वीज मिळाली की नौकेची जनित्रे थांबतात आणि त्यांची देखभाल करता येते. गोडे पाणी चढते, मैला आणि कचरा उतरतो. सुटे भाग घेऊन ट्रक थेट क्रेनखाली उभा राहतो. दारूगोळ्याचा कारभार वेगळा, त्याला स्वतंत्र जागा आणि मोकळा परिसर लागतो. शिधा चढतो, रजेची माणसे उतरतात. यांतले काहीच झाले नाही तरी नौका तरंगत राहते, पण ती दर दिवशी थोडी थकत जाते. विमानांचे तर आणखी निराळे. नौका बंदरात उभी असताना आपल्या नौकांवरून लढाऊ विमान उडू शकत नाही, कारण त्याला पुढून येणारा वारा हवा आणि त्यासाठी नौका वेगात पळायला हवी. म्हणून बंदरात शिरण्याआधीच विमाने उडवून जमिनीवरच्या तळाकडे पाठवतात, आणि तो तळ गोव्यात दाबोळीचा ‘आयएनएस हंसा’ आहे. म्हणजे एका नौकेला धक्का, गोदी, दारूगोळ्याची जागा, विमानतळ आणि या चौघांना जोडणारा रस्ता एवढे सगळे लागते. यांतले एक जरी कमी पडले तरी त्याची किंमत नौकेवरची माणसे मोजतात.

ती किंमत मी जवळून पाहिली आहे. एकदा पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात आमच्या नौकेला धक्का मिळाला नाही आणि आम्ही काही मैल बाहेर नांगर टाकून राहिलो. ‘फ्रेश’, म्हणजे ताजी भाजी, मांस, अंडी, हे सगळे बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीतून, यायचे होते. समुद्र तसा खवळलेला नव्हता, नुसती फुगवटी होती. पण दीड हजार माणसांचा कांदा-बटाटा म्हणजे एक-दोन पोती नव्हेत. बार्ज वर यायची तेव्हा पोते हातात द्यायचे, खाली गेली की थांबायचे, पुन्हा वर आली की पुढचे पोते. आम्ही चाळीस-पन्नास जणांनी साखळी करून सकाळपासून दुपारपर्यंत हे काम केले. तीन पोती समुद्रात गेली. त्याहून वाईट म्हणजे बरीचशी खाऱ्या पाण्याने भिजली, आणि भिजलेला बटाटा पाचव्या दिवशी स्टोअरमध्ये वास मारू लागला. तो निवडायला माझी माणसे दोन रात्री बसली होती. धक्क्यावर हेच काम दीड तासात झाले असते. त्याच दिवशी दुपारनंतर वारा वाढला आणि किनाऱ्यावर जाणारी लिबर्टी बोट रद्द झाली. आमच्या मेसमधल्या एकाच्या वडिलांच्या निधनाचा निरोप सकाळीच आला होता. किनारा समोर दिसत होता, रेल्वे स्टेशन तिथून तासाभरावर असेल. तो दुसऱ्या दिवशी निघाला आणि अग्नी देऊन झाल्यावर घरी पोहोचला. त्याने कोणालाही दोष दिला नाही. मीही आज कोणा एकाला दोष देत नाही. पण विमानवाहू नौकेला धक्का नसणे म्हणजे काय, असे कोणी विचारले की मला नकाशा आठवत नाही, डेकवर बॅग घेऊन उभा असलेला तो मुलगा आठवतो.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार पूर्व किनाऱ्याची आहे. कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या आराखड्याला, बांधणीला आणि चाचण्यांना किती वर्षे लागली ते आपण जाणता. फेब्रुवारी 2009 मध्ये तिचा कणा घातला गेला, ऑगस्ट 2013 मध्ये ती पाण्यात उतरली, आणि त्यानंतर नऊ वर्षांनी ती ताफ्यात आली. या तेरा वर्षांत सुमारे 262 मीटर लांबीची, भरल्या वजनाने 43,000 टनांच्या आसपासची ही नौका पूर्व किनाऱ्यावर कुठे उभी राहणार, याचे कायमचे उत्तर तयार झाले नाही. विशाखापट्टणमचा नौदल तळ आतल्या बंदरात आहे, आणि डॉल्फिन्स नोजच्या डोंगराखालून आत जाणारी वाट अरुंद आहे. म्हणून 2022 मध्ये चेन्नईच्या उत्तरेला कट्टुपल्ली येथे खासगी जहाजबांधणी केंद्राचा धक्का काही वर्षांसाठी भाड्याने घेण्याची तयारी नौदलाने केल्याच्या बातम्या आल्या. विशाखापट्टणमच्या दक्षिणेला रांबिल्लीला जो नवा तळ उभा राहत आहे, तो मुख्यतः पाणबुड्यांसाठी आहे. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये ‘विक्रांत’ पश्चिम ताफ्यात सामील झाली. त्यामागे युद्धनीतीची कारणे असतील, आणि ती जाहीर करा असे मी म्हणणार नाही. पण परिणाम सर्वांना दिसतो : देशाच्या दोन्ही विमानवाहू नौका, ‘विक्रांत’ आणि रशियाकडून घेतलेली ‘विक्रमादित्य’, एकाच किनाऱ्यावर आहेत.

पाल्कची सामुद्रधुनी उथळ असल्याने कारवारहून बंगालच्या उपसागरात जायचे तर श्रीलंकेला पूर्ण वळसा घालावा लागतो. प्रवासाच्या नेहमीच्या गतीने विशाखापट्टणमपर्यंत जवळपास तीन दिवस जातात. 1971 साली जुनी ‘विक्रांत’ पूर्वेला होती म्हणूनच 4 डिसेंबरला तिची विमाने कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर जाऊ शकली. आणि त्या युद्धातली एक गोष्ट माझ्या शाखेतला प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी नौका अंदमानच्या बाजूला लपवून ठेवली, आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा शत्रूचा समज व्हावा म्हणून तिथल्या ठेकेदारांकडे मांस आणि भाजीपाल्याची प्रचंड मागणी नोंदवली. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमसमोरच बुडाली. बाजारातल्या भाजीच्या मागणीवरून विमानवाहू नौकेचा माग लागतो, इतका तिचा आणि किनाऱ्याचा संबंध घट्ट असतो. हे पन्नास वर्षांपूर्वी ज्या नौदलाने ओळखले होते, त्या नौदलाला आज त्याच किनाऱ्यावर स्वतःच्या मालकीचा पुरेसा धक्का मिळू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

दुसरी तक्रार गोद्यांची. ‘विक्रमादित्य’चा करार जानेवारी 2004 मध्ये झाला. ती नोव्हेंबर 2013 मध्ये रशियात नौदलात दाखल झाली आणि जानेवारी 2014 मध्ये कारवारला पोहोचली. मुंबईच्या नौदल गोदीतले विमानवाहू नौकांसाठीचे ड्राय डॉक, म्हणजे पाणी काढून नौकेचा तळ उघडा करणारी कोरडी गोदी, 281 मीटर लांब, 45 मीटर रुंद आणि 17 मीटर खोल, 28 सप्टेंबर 2019 रोजी सुरू झाले. समुद्रात भर घालून केलेले ते काम अतिशय अवघड होते, आणि ते करणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला आदरच आहे. तरीही करारापासून पंधरा वर्षे आणि नौका आल्यापासून साडेपाच वर्षांहून अधिक काळ लोटला, ही गोष्ट आपल्या समितीने विसरू नये. मधल्या काळात नौकेचे तळाचे काम करायचे तर एकच वाट होती, कोची. आमची ‘विराट’सुद्धा निवृत्तीआधीच्या शेवटच्या कामांसाठी जुलै 2016 मध्ये मुंबईहून कोचीला गेली, आपल्या इंजिनांवरची तिची ती शेवटची सफर. ऑक्टोबरमध्ये टग, म्हणजे ओढणाऱ्या बोटी, तिला ओढत मुंबईला घेऊन आले. ते दृश्य मी दूरचित्रवाणीवर पाहिले आणि उठून बाहेर गेलो.

कोचीत जानेवारी 2024 मध्ये 310 मीटरचे नवे ड्राय डॉक सुरू झाले, ही फार चांगली गोष्ट आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘विक्रमादित्य’च्या दुरुस्तीचा सुमारे 1,200 कोटींचा करारही कोचीशीच झाला. पण याचा अर्थ असा की विमानवाहू नौका पाण्याबाहेर काढण्याच्या देशातल्या मोठ्या सोयी मुंबई आणि कोची या दोनच बंदरांत, आणि दोन्ही पश्चिम किनाऱ्यावर आहेत. बंगालच्या उपसागरात नौकेच्या तळाला इजा झाली तर तिला निम्मा भारत वळसा घालून यावे लागेल. युद्धाच्या काळात हे अंतर किती लांब वाटेल, याची कल्पना आपणच करावी.

तिसरी तक्रार कारवारच्या रस्त्यांची आहे, आणि तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या बाबतीत दिल्लीतल्या फाइलींपेक्षा आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना जास्त कळते. कारवारचा तळ उत्तम आहे. खोल पाणी, डोंगरांचा आडोसा, अंजदीव बेटापर्यंत गेलेले बांध, हे सारे नौदलाने विचारपूर्वक निवडले. ऑक्टोबर 1986 मध्ये पायाभरणी झाली, 31 मे 2005 रोजी ‘आयएनएस कदंब’ या नावाने तळ सुरू झाला, आणि दुसऱ्या टप्प्यात तिथे 32 मोठ्या युद्धनौका व पाणबुड्यांची सोय व्हायची आहे. पण या तळाला जोडणारा जमिनीवरचा धागा किती बारीक आहे ते 2024 च्या पावसाळ्यात सगळ्यांनी पाहिले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे बंद पडली. 16 जुलैला अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळली, माणसे गेली, आणि राष्ट्रीय महामार्ग 66 अनेक दिवस बंद राहिला. 7 ऑगस्टच्या मध्यरात्री कारवार आणि सदाशिवगड यांच्यामधला काळी नदीवरचा जुना पूल कोसळला आणि एक ट्रक नदीत गेला. एका महिन्याच्या आत रेल्वे, दक्षिणेचा रस्ता आणि उत्तरेचा पूल, तिन्हींवर घाव बसला. नवा पूल शेजारीच होता म्हणून वाहतूक सावरली.

हा काळी नदीचा पूल म्हणजे गोव्याकडची वाट. विमाने दाबोळीला, नौका कारवारला, आणि दोन्हींमध्ये शंभर किलोमीटरच्या आतले अंतर, पण ते अंतर सुट्या भागांना, तंत्रज्ञांना आणि इंधनाच्या टँकरना याच पुलावरून कापावे लागते. हुबळी–अंकोला रेल्वेमार्ग मंजूर होऊन पाव शतक उलटून गेले. पश्चिम घाटातल्या जंगलाचा प्रश्न खरा आहे आणि तो मार्ग कसाही रेटावा असे मी म्हणत नाही. पण ‘होणार’ किंवा ‘होणार नाही’ यांपैकी एक उत्तर घेऊन त्यानुसार पर्यायी सोय करण्याऐवजी ते प्रकरण नुसते लोंबकळत ठेवले आहे. कारवारला नौदलाचा स्वतःचा विमानतळ व्हायचा आहे, तोही असाच लांबत चालला आहे. एप्रिल 2025 मध्ये शासनाने 28 एप्रिलच्या करारान्वये सुमारे 63,000 कोटींची 26 राफेल मरीन विमाने घेतली. ती 2030 पर्यंत येतील. दाबोळीची धावपट्टी नौदल आणि नागरी विमाने मिळून वापरतात. त्यावरून गोव्यात किती वाद झाले ते आम्हाला ठाऊक आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू झाल्यावर तो ताण थोडा हलका व्हायला हवा. तरी नवी विमाने येण्याआधी त्यांच्या जमिनीवरच्या जागेचा, हँगरचा आणि सुट्या भागांच्या कोठारांचा हिशेब पूर्ण झालेला असला पाहिजे.

चौथी तक्रार मी माझ्या मामांच्या वतीने मांडतो. सीबर्डसाठी कारवार आणि अंकोला तालुक्यांतली सुमारे चार हजार कुटुंबे उठली. आजोळच्या घरामागे एक विहीर होती, तिच्या काठावर आजी नारळ सोलायची. नोटीस आली तेव्हा आजोबा म्हणाले होते, ‘देशाच्या गलबतांना जागा लागते, तर द्यायला हवी.’ त्यांनी दिली. वाढीव भरपाईचे दावे पुढे किती वर्षे कोर्टांत चालले, आणि त्यांतले किती दावेदार निकालाआधीच गेले, ते त्या भागातल्या कुठल्याही घरात विचारा. समुद्रावर पोट असलेल्यांना तळाभोवतीच्या बंदीमुळे मासेमारीच्या जुन्या जागा सोडाव्या लागल्या. सुरक्षेसाठी बंदी हवी हे मी नाविक म्हणून मान्य करतो. पण ज्या लोकांनी बंदरासाठी गाव दिले, त्यांच्या मुलांना त्याच बंदरात कामाला प्राधान्य मिळावे आणि राहिलेला प्रत्येक पैसा मिळावा, ही मागणी विमानवाहू नौकेच्या पुरवठ्याशी संबंध नसलेली मानू नये. नवा धक्का, नवा तळ बांधायचा तेव्हा पुन्हा कोणाच्या तरी दारात जावे लागणार आहे, आणि ते लोक आधी कारवारकडे पाहतील.

पाचवी गोष्ट समुद्रावरच्या पुरवठ्याची. धक्का नसेल तिथे नौकेला आधार फ्लीट टँकरचा, म्हणजे समुद्रातच इंधन पुरवणाऱ्या जहाजांचा. ‘ज्योती’, ‘आदित्य’, ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ ही चार जहाजे दोन समुद्रांना पुरवावी लागतात, आणि त्यांतले सर्वांत जुने 1996 चे आहे. ऑगस्ट 2023 मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डशी सुमारे 44,000 टनांच्या पाच पुरवठा-जहाजांचा, जवळपास 19,000 कोटींचा करार झाला. ती वेळेवर मिळाली तर अर्धे दुखणे कमी होईल. ती लांबली, तर तिसरी नौका येऊनही तिला दूरवर पाठवता येणार नाही.

सहावी गोष्ट पुढची आहे, पण ती आत्ताच बोलायला हवी. सप्टेंबर 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या क्षमता-आराखड्यात युद्धनौकांसाठी अणुऊर्जेचा विचार आहे. जुलै 2007 मध्ये अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी ‘निमिट्झ’ चेन्नईला आली तेव्हा ती बंदरात न येता बाहेर नांगरावर राहिली, आणि तेवढ्यावरही शहरात निदर्शने झाली. न्यूझीलंडने 1987 मध्ये कायदाच करून अणुशक्तीच्या नौकांना आपली बंदरे बंद केली. जपानच्या योकोसुकात 2008 मध्ये अमेरिकेची अशी नौका कायमची आली, पण त्याआधी बंदराचा तळ खोदला गेला आणि शहराशी अनेक महिने बोलणी झाली. आपल्याकडे अणुशक्तीची विमानवाहू नौका आली, तर ती कोणत्या शहराजवळ उभी राहणार? मुंबईजवळ? विशाखापट्टणमजवळ? त्या शहरांतल्या लोकांना हा प्रश्न आज कोणी विचारलेला नाही.

बंदरांचे आणि वाटांचे निर्बंध नौकेचे रूपच बदलू शकतात, याचा पुरावा तर आपल्याच ताफ्यात उभा आहे. ‘विक्रमादित्य’ मुळात काळ्या समुद्राकाठच्या मिकोलायव्हला बांधली गेली. 1936 च्या मॉन्त्रो करारातल्या नियमांमुळे तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांतून विमानवाहू नौका नेणे अडचणीचे होते, आणि सोव्हिएत नौदलाने त्या वर्गाच्या नौकांना विमाने वाहणाऱ्या जड क्रूझर म्हणून नोंदवले. समुद्राची एक चिंचोळी वाट नौकेचे नाव ठरवू शकते, तर धक्क्याची खोली तिची मोहीम ठरवते यात नवल काय?

ब्रिटनचे उदाहरण मी मुद्दाम देतो. त्यांच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ या विमानवाहू नौकेने 16 ऑगस्ट 2017 रोजी पोर्ट्समथ बंदरात पहिल्यांदा प्रवेश केला. त्याआधीच बंदरातला आणि वाटेतला सुमारे तीस लाख घनमीटर गाळ उपसून झाला होता आणि धक्का नव्याने बांधून तयार होता. नौका येण्याआधी बंदर तयार. आपण मात्र तहान लागल्यावर विहीर खणायला घेतो. विक्रांत नौदलात दाखल झाली त्याच दिवशी नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली, आणि आम्हा मालवणच्या माणसांच्या छातीत ती चौकट कायमची बसली. महाराजांनी गलबते बांधली तेव्हाच किनाऱ्यावर सिंधुदुर्ग उभारला. पुढे विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये येथे आरमारासाठी खडक तोडून गोदी केली गेली, ती आजही पाहता येते. नौकेचा आणि तिच्या घराचा विचार एकत्र करायचा असतो, हे आमच्या किनाऱ्याला जुनेच ठाऊक आहे.

आमच्याच किनाऱ्यावर, निवतीच्या समुद्राजवळ ‘विराट’चे संग्रहालय करण्याच्या 852 कोटींच्या प्रस्तावाला नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली होती. तो प्रत्यक्षात आला नाही आणि 2020 मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. माझा रोष त्या निर्णयावर नाही. पण नौकेच्या शेवटच्या मुक्कामाचीही जागा आपण ठरवू शकलो नाही, हे मनातून जात नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

तिसऱ्या विमानवाहू नौकेच्या मंजुरीच्या प्रस्तावासोबतच तिचा धक्का, गोदी, दारूगोळ्याची जागा, विमानतळ, रस्ते आणि पुरवठा-जहाजे यांचा खर्च आणि वेळापत्रक जोडलेले असावे, आणि ते नसेल तर आपल्या समितीने तो प्रस्ताव परत पाठवावा. पूर्व किनाऱ्यावर नौदलाच्या मालकीचा, विमानवाहू नौका पूर्ण भारासह लागू शकेल असा धक्का कुठे आणि कोणत्या वर्षापर्यंत होईल, हे मंत्रालयाने संसदेला लेखी सांगावे. भाड्याची सोय हा त्यावरचा उपाय नव्हे, आणि तिची मुदत संपण्याआधी कायमची सोय तयार असली पाहिजे. पूर्वेला विमानवाहू नौकेसाठी ड्राय डॉकचा अभ्यास सुरू झाला आहे की नाही, तेही सांगावे.

कारवारसाठी रेल्वे, महामार्ग, पूल आणि नौदलाचा विमानतळ या चारही गोष्टींचे एकत्र नियोजन व्हावे. आज त्या चार वेगवेगळ्या विभागांकडे आहेत आणि कोणीच कोणाला जबाबदार नाही. पावसाळ्यात महामार्ग तुटला तर तळाचा पुरवठा किती दिवस चालेल याचा सराव दरवर्षी व्हावा. सीबर्डच्या विस्थापितांची थकीत भरपाई किती उरली आहे याची गाववार यादी जाहीर करावी आणि ती देऊन संपवण्याची तारीख ठरवावी. अणुशक्तीच्या विमानवाहू नौकेचा निर्णय घेण्याआधी संभाव्य बंदरांच्या शहरांतल्या लोकांसमोर, तिथल्या भाषेत, सुनावणी व्हावी.

आणि शेवटची मागणी लहान वाटेल, पण ती करावीच लागेल. विमानवाहू नौका ज्या ज्या बंदराबाहेर नांगरावर राहते, तिथे हवामान बिघडल्यावरही माणसे किनाऱ्यावर नेऊ शकेल अशी एक सक्षम बोट कायम तयार ठेवावी. त्यासाठी ना नवा कायदा लागतो ना मोठे अंदाजपत्रक.

सुरक्षेच्या कारणास्तव ज्या गोष्टी उघड करता येणार नाहीत, त्या आपल्या समितीसमोर बंद दाराआड मांडल्या गेल्या तरी माझी हरकत नाही. पण तारखा आणि जबाबदारी यांचे उत्तर आम्हाला उघडपणे मिळावे. आपल्या पुढच्या अहवालात या मुद्द्यांचा समावेश व्हावा अशी विनंती करतो आणि त्याची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नौसैनिक, लॉजिस्टिक्स शाखा
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग